सुष्मिताची किलिमांजारो मोहीम

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आलो आणि ही वही उघडली. येत्या सव्वीस जानेवारीला माझी मुलगी सुष्मिता आफ्रिकेतल्या किलिमांजारो ज्वालामुखीच्या टोकावर तिरंगा धरून उभी असेल. उंची ५८९५ मीटर. शेजारी मी असेन. कसबा बावड्यातनं तिथवर आजपर्यंत बाप-लेक कुणी गेलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

खरं तेच लिहायचं ठरवलंय. पुढं कॉलेजातनं व्याख्यानाला बोलावतील, तेव्हा यातलं निवडून सांगता येईल. बाकी वही कपाटात, कुलूप लावून.

मी वीरेश शेटे, वय सत्तेचाळीस. बावड्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. अठरा वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळं चालवणारा कोणीही असो, गाडी माझ्याच हातात असते. सुष्मिता एकोणीसची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दिसायला तिच्या आईवर, शिवगंगावर गेलीय, बोलणं मात्र बावड्याच्या पोरींचं, 'मी जातो, मी येतो' असलं. दम माझा आहे, फक्त तो बाहेर काढायला लागतो.

जायचं का म्हणून परवा तिला विचारलं. म्हणाली, "तुमी म्हणशीला तसं, अप्पा." म्हणजे होच.

१७ ऑगस्ट, रविवार

नसरीन जमादार यांच्याकडं नाव नोंदवलं. बाई फिजिओथेरपिस्ट आहेत, किलिमांजारो तीनदा करून आल्यात आणि जानेवारीत कोल्हापुरातनं आठ जणांना घेऊन चालल्यात. जंगल, मग माळ, मग नुसते दगड आणि शेवटी बर्फ, असा सात दिवसांचा रस्ता त्यांनी नकाशावर दाखवला. दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होणार. आणि तिथं हळू चालायचं असतं. तिथले वाटाडे सारखं "पोले पोले" म्हणतात, म्हणजे सावकाश. घाई करणारा स्ट्रेचरवर झोपून खाली येतो.

मला पटलं नाही. सावकाश चालायला कोल्हापूर सोडून एवढ्या लांब कशाला जायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून शिस्त सुरू. पहाटे पाचला सुष्मिता घरापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत पळणार आणि परत येणार. मागनं मी शिकवणीची गाडी घेऊन. वेग कमी झाला की हॉर्न. रविवारी पाठीवर वजन घेऊन जोतिबाचा डोंगर. नियम एकच, थांबायचं नाही. पाणी प्यायचं तेही चालत. पहिल्याच दिवशी दोनदा थांबली. लहान असल्यापासनं तिला ती खोड आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

बंधाऱ्याच्या अलीकडं एक कुत्रं तिच्या अंगावर आलं. पायजम्याला धरलं. मी गाडीतनं उतरलो, चाक खोलायचा लोखंडी पाना सीटखालनं काढला आणि हाणला. पहिल्याला त्यानं सोडलं. दुसऱ्याला पडलं. नंतर किती घातले ते आठवत नाही, हात भरून येईपर्यंत घातले.

"अप्पा, मेलंय ते."

मला हे एकदा ऐकू आलं. ती म्हणते, चारदा म्हणाली. तिथंच कडेला बसून ती ओकली. पोट नाजूक आहे तिचं, आहार बदलायला पाहिजे. दात लागले नव्हते, तरी खबरदारी म्हणून इंजेक्शनं द्यायला सांगितलीत.

घरी आल्यावर शिवगंगानं माझा शर्ट बघितला. बादलीत भिजत घातला. पोरीसाठी मी जीव घेऊ शकतो, हे दोघींच्या ध्यानात आलं असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

जोतिबा चांगला झाला, एक तास चार मिनिटं. नऊ किलो वजन घेऊन. मी खूश होतो, म्हणून येताना गाडी तिला चालवायला दिली.

शिरोली नाक्याच्या पुढं एका पांढऱ्या गाडीवाल्यानं डावीकडनं घुसून आमच्यापुढं मारली. सुष्मितानं त्याला जाऊ दिलं असतं. मी तिला हॉर्न दाबायला लावला, गाडी दामटायला लावली आणि पुढच्या वळणावर त्याच्यापुढं आडवी घालायला लावली. उतरलो, त्याचं दार उघडलं, गळपट्टी धरून त्याला बाहेर ओढला. तो "पावणं, चुकलं" म्हणाला. चुकलं तर चुकल्यासारखं वागायचं, हसतोयस कशाला. आता आठवलं की वाटतं तो हसत नव्हता, त्याचं तोंडच तसं होतं. दोन बुक्क्यांत त्याचा पुढचा दात माझ्या बोटाच्या सांध्यात घुसला. खाली पडल्यावर लाथा घातल्या. त्याची बायको मागच्या सीटवर लेकराला कवटाळून हात जोडत होती. तिला मी बोटसुद्धा लावलं नाही, हे लिहून ठेवतो.

परत गाडीत बसलो तर सुष्मिता दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होती. मी शिकवतो अगदी तसं, घड्याळात दहा वाजून दहाला काटे असतात तसं. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. म्हटलं, या पोरीत धीर आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

नसरीनबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्यानं बोलल्या. सुष्मिताला पाऊण तास लागला. काय विचारलं म्हणून घरी येताना विचारलं, तर म्हणाली झोप, पाळी, जुनी दुखणी. एवढ्याला पाऊण तास कशाला लागतो.

मला त्यांनी विचारलं, तुम्हाला राग येतो का. म्हटलं, कोल्हापूरचा हाय, यील की. त्या हसल्या नाहीत. माझ्या बोटावरच्या जखमेकडं बघत होत्या. मग रक्तदाब मोजला तर एकशे सत्तर निघाला. म्हणाल्या, हा खाली आला नाही तर तुम्हाला नेता येणार नाही. डॉक्टरनी गोळी दिलीय. गोळीनं दम कमी होतो असं मी ऐकलंय, म्हणून घेत नाही. नोव्हेंबरात परत मोजणार आहेत, त्या आठवड्यात घेईन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बंधाऱ्यापर्यंत न जाताच मागं फिरली. पोटात दुखतंय म्हणाली. गाडीतनं उतरून एक ठेवून दिली. कानावर बसली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चाळीस सेकंद लवकर आली. पद्धत लागू पडते.

१२ ऑक्टोबर, रविवार

जेवताना शिवगंगा मध्ये पडली. ती संकेश्वरची, कमी बोलते, आणि बोलली की तिच्या बोलण्यात माहेरची कानडी येते, अहोच्या जागी री. म्हणाली, "री, पोरगी हाय ती. तिला ऐकू कमी यायलंय एका कानानं. सोडा आता हे."

मी म्हटलं, मला न सांगता डॉक्टरकडं गेलता व्हय. ती म्हणाली, व्हय, गेलतो. तिनं तोंड वर करून सांगितलं म्हणून ताट फेकलं. भिंतीवर फेकलं होतं, कड तिच्या कपाळाला लागली. आमटी आणि रक्त एकदम खाली आलं, त्यामुळं होतं त्यापेक्षा जास्त वाटलं. तीन टाके.

सुष्मितानं आईला उठवून आत नेलं आणि दाराला आतनं कडी घातली. मी बाहेर उभा राहून समजावून सांगितलं की हे सगळं कुणासाठी चाललंय. दार वाजवताना वरची बिजागरी सुटली. उद्या सुतार बोलवायला पाहिजे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. घरात शांतता आहे. दोघी फराळाचं करतात, माझ्यापुढं आणून ठेवतात, काही मागितलं तर लगेच मिळतं. एवढं सुरळीत कधी चाललं नव्हतं.

आज वडिलांच्या फोटोला हार घालताना जुनं आठवलं. एकोणीस वर्षांचा असताना मी सैन्यभरतीला उतरलो होतो. सोळाशे मीटर पळायचं होतं. शेवटच्या फेरीत मी थांबलो. पाय गेले नव्हते, दम गेला नव्हता, का थांबलो ते मला आजही सांगता येत नाही. वडील दोरीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी आत येऊन कंबरेचा पट्टा काढला आणि पाचशे पोरांच्या देखत मला मैदानाच्या फाटकापर्यंत मारत नेलं. बक्कलाचा वण पाठीवर अजून आहे. त्यांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. मी घडलो तो त्या पट्ट्यानंच.

सहा वर्षांपूर्वी ते गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. समाधी देताना मातीची पहिली मूठ मी टाकली आणि एकदम हलकं वाटलं, इतकं की हसू येईल की काय अशी भीती वाटली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. व्याख्यानात हे घ्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

सरावासाठी सुष्मिताला घेऊन रांगण्याला गेलो होतो. दोघंच. भटवाडीत गाडी लावली आणि जंगलातनं चालायला लागलो. तिच्या पाठीवर बारा बाटल्या पाणी, लिटरची एक. माझ्या हातात ट्रेकिंगची नवी काठी, ॲल्युमिनियमची. पहिला दीड तास छान गेला. ती पुढं, मी मागं. चढ लागल्यावर तिचा पाय जड झाला. मी काठीनं तिच्या पिशवीवर टकटक करत होतो, बैलाला करतात तसं, त्यात मारणं नव्हतं.

गडाच्या अलीकडं, वाट अरुंद होते तिथं ती उभी राहिली.

"अप्पा, मी थांबतो जरा."

मी नाही म्हटलं.

"दम लागलाय. दोन मिनटं."

मी परत नाही म्हटलं. ती खाली बसली. मला न विचारता बसली. मी काठी घातली. पहिली पिशवीवर बसली, दुसरी खांद्यावर. तिसऱ्या वेळी तिनं डावा हात वर केला आणि काठी हातावर बसली. ऊस मोडल्यासारखा आवाज आला. हात वर केला नसता तर हाताला काही झालं नसतं.

ती ओरडली नाही. मला वाटलं आता रडेल. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, माझ्या मनात तसं आलं होतं. पण तिनं एका हातानं पिशवी उतरवली, मांडीत धरून चेन उघडली आणि एकेक बाटली काढून टोपण दातानं फिरवून पाणी जमिनीवर ओतायला लागली. बारा बाटल्या. मी तिथंच उभा होतो. तू काय करायलीयस, म्हणून विचारलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. सगळं ओतून झाल्यावर ओढणीत हात बांधला, उठली आणि खाली उतरायला लागली.

मी मागनं गेलो. दीड तास ती एकदाही थांबली नाही. मनात आणलं तर येतं तिला.

गाडीत तिला सांगितलं, पाय घसरून पडलो असं सांगायचं. ती हं म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हाड मोडलंय. हाडांचे डॉक्टर वयस्कर होते, उगाच चौकशा करणारे. एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून म्हणाले, हात टेकून पडलं की मनगटाजवळ मोडतं. हे बाहेरचं हाड मधोमध मोडलंय. अंगावर येणारा घाव चुकवायला हात वर धरला की असं मोडतं. मग मला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर थांबा.

बाहेर बाकावर बसलो. शिवगंगा आत गेली. थोड्या वेळानं नसरीनबाई आल्या आणि माझ्याकडं न बघता त्याही आत गेल्या. त्यांना कुणी कळवलं ते समजलं नाही. तासाभरानं तिघी बाहेर आल्या. फोटोचा लिफाफा शिवगंगाच्या हातात होता. मी मागितला, तिनं दिला नाही. सहा आठवडे प्लास्टर आहे, म्हणजे जानेवारीला अडचण नाही. चढायला पाय लागतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी घरी आलो तर दोघी नव्हत्या. शिवगंगाच्या भावाचा, आण्णांचा संकेश्वरहून फोन आला. दोघी इथं आहेत, काही दिवस राहतील, तुम्ही येऊ नका म्हणाले. पोरीला विश्रांती पाहिजेच होती, बरंच झालं.

कपाट बघितलं. सुष्मिताचा पासपोर्ट नाही. थंडीचे कपडे नाहीत. डोंगराचे बूटही नेलेत. विश्रांतीला बूट कशाला लागतात.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी नसरीनबाईंचा मेसेज आला. तुमचं नाव तुकडीतून काढलं आहे. यायचं की नाही ते सुष्मिता स्वतः ठरवणार होती, तिनं यायचं ठरवलं आहे. तिला फोन करू नका.

तीन वेळा वाचला. मोहीम माझी. जागा मी शोधली, वेळापत्रक माझं, पहाटे पाचला उठून तीन महिने मागनं गाडी मी चालवली. आणि ठरवणार ती.

संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यावर गेलो. पाना बरोबर घेतला होता, दाखवण्यापुरता. दारात त्यांचा भाऊ तोहिद उभा होता. अंगानं बारीक आहे. ताई आत पेशंट बघायलीय, आत जाता येणार नाही म्हणाला. मी त्याला ढकललं, तो हलला नाही. मी पाना काचेच्या दारावर घातला. काच खाली आली, आतल्या बायका ओरडायला लागल्या. दुसरा फटका त्याच्या खांद्यावर बसला, तो गुडघ्यावर आला, आणि तिसऱ्याला मी हात उचलला तेव्हा त्यानं माझ्या दोन्ही पायांना मिठी मारून मला आडवं पाडलं. मी काचांवर पडलो. तो माझ्या छातीवर बसला, माझे हात गुडघ्यांखाली धरले. त्याच्या खांद्यातनं रक्त माझ्या तोंडावर गळत होतं.

मला वाटलं आता हा मारणार. मी तोंड आवळून घेतलं. त्यानं मारलं नाही. पोलीस येईपर्यंत नुसता बसून राहिला. मी त्याला आईवरनं शिव्या दिल्या, मार म्हटलं, मर्द असशील तर मार म्हटलं. तो म्हणाला, "काका, गप पडा. काचा घुसतील अजून."

मला आयुष्यात कशानं एवढं कमीपण वाटलं नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल जामिनावर सुटलो. तळहाताला अकरा टाके आहेत, लिहिताना ओढतं. अट अशी की शिवगंगा, सुष्मिता आणि नसरीनबाई यांच्याजवळ जायचं नाही.

वकिलांनी कागद वाचायला दिले. तोहिदची तक्रार एका पानाची आहे. सुष्मिताचा जबाब नऊ पानांचा. त्यात सगळं आहे, तारीख आणि वार घालून. रांगणा आहे. ताट आहे. पांढरी गाडी आहे, तिचा नंबरसुद्धा. त्या कुत्र्याचंही लिहिलंय. म्हणजे ती पण वही ठेवत होती.

मी माझी वही काढून ताळा केला. तारखा जुळतात. तिच्याकडं तीन जास्त आहेत. एक जुनी आहे, ती सातवीत असतानाची. दोन या ऑक्टोबरातल्या आहेत. मला त्या आठवत नाहीत. खोटं लिहायचा तिचा स्वभाव नाही, तेव्हा विसरलो असेन.

२४ डिसेंबर, बुधवार

शिकवणीला कुणी येत नाही. दवाखान्याच्या दारातला व्हिडिओ बावड्यातल्या प्रत्येक फोनवर फिरलाय. घरात मी एकटाच. सुटलेल्या बिजागरीचं दार तसंच लोंबकळतंय. आज लाथ घालून ते पूर्ण पाडलं. मग बराच वेळ त्याच्यावरच बसून राहिलो.

१० जानेवारी, शनिवार

अठराला सकाळी सातला गाडी सुटणार आहे, तावडे हॉटेलजवळनं. तुकडीतल्या एकानं मला सांगितलं, नंतर सांगितल्याचा त्याला पश्चात्ताप झालेला दिसला. मी जाणार नाही. कोर्टाची अट आहे.

१७ जानेवारी, शनिवार

लांबनं बघायला हरकत नसावी.

२३ जानेवारी, शुक्रवार

सरकारी दवाखान्यात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेनं बांधून टाकलाय. तीन बरगड्या. डावा डोळा उघडत नाही. बोलता येत नाही, नळीनं पातळ घेतो. दाराशी हवालदार बसवलाय. वही मावसभावाकडनं मागवून घेतली, कपाटाचं कुलूप त्यानं फोडलं.

अठरा तारखेचं लिहायचं राहिलंय.

पावणेसातला गेलो आणि रस्त्याच्या पलीकडं गाडी लावली. मिनीबस उभी होती. टपावर पिशव्या चढवत होते. सुष्मिता दिसली. प्लास्टर निघालं होतं. नव्या निळ्या जाकिटात होती आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. ती असं हसते हे मला माहीत नव्हतं, वरचे सगळे दात दिसतात.

लांबनं बघूनच परतणार होतो. मग तिनं माझी गाडी ओळखली आणि तिचं हसणं बंद पडलं, बटण दाबल्यासारखं. तेवढ्यासाठी मी उतरलो. पाना हातात होता. कधी घेतला ते ठाऊक नाही.

शिवगंगा रस्ता ओलांडून समोर आली. ट्रक, गाड्या, काही न बघता आली. कपाळावर तीन टाक्यांची रेघ होती. तिनं माझी गळपट्टी दोन्ही मुठींत धरली.

"मला मारा. हितं, सगळ्यांच्या म्होरं मारा. तिची गाडी जाऊ दे."

मी पाना टाकला आणि हातानं मारली. पाना टाकला होता, हे लिहून ठेवतो. तिच्या नाकातनं रक्त आलं. तिनं गळपट्टी सोडली नाही. परत मारली, तरी सोडली नाही. मागं वळून तिनं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "सोड गाडी." सुष्मिता दारातनं खाली उतरायला बघत होती, नसरीनबाईंनी तिला कंबरेला धरून ठेवलं होतं. शिवगंगा कानडीत ओरडली, "होगु, होगु." जा, जा. मग बस हलली.

तोवर लोक जमले होते. चहाच्या टपरीवरचे, रिक्षावाले, थांब्यावरची माणसं. पहिली लाथ पाठीत बसली. शिवगंगाला कुणीतरी बाजूला घेतलं आणि मग मला काही दिसलं नाही. मारणाऱ्यांतला एकही माझ्या ओळखीचा नव्हता. त्यांच्या तोंडाकडं मी खालनं बघत होतो. त्यांना माझा राग आला होता असं वाटलं नाही. मोकळा हात मिळाला होता, एवढंच. एकानं डोक्यावर पाय दिला. जबडा त्यानंच गेला. माझा पाना त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातात होता.

शेवटी त्यांना थांबवलं ते शिवगंगानं. मध्ये येऊन पडली म्हणून मी वाचलो असं हवालदार म्हणतो. मला ते आठवत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आज.

शेजारच्या खाटेवरच्याचा फोन मागून दिवसभर बातम्या बघितल्या. काही आलेलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

शिवगंगा आली होती. आण्णा बरोबर होते, ते दाराशी हवालदाराजवळच उभे राहिले. तिचं नाक अजून सुजलेलं आहे. फारकतीचे कागद आणले होते. कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. मी केली. बोलता येत असतं तर कदाचित केली नसती.

मग ती म्हणाली, वर गेली का म्हणून तुमच्या डोक्यात तेच असणार. एकदा ऐका आणि सोडा तिला. तिनं फोन उशीवर ठेवला. सुष्मितानं आईला पाठवलेला आवाज होता. वारा होता, मागं कुणीतरी परक्या भाषेत गात होतं. एकदाच ऐकायला मिळाला, पण जसा आठवतो तसा उतरून ठेवतो.

"आव्वा, मी खाली तळावर आलो. बरी हाय. शेवटच्या चढावर, टोक चारशे मीटर वर असंल तिथं, मी परत फिरलो. पाय चांगले होते. डोकं दुखत नव्हतं. जाता आलं असतं. पण मला थांबू वाटलं. नसरीनताईला म्हटलं, मी हितनं मागं जातो. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच म्हणाल्या. मी उभी राहिलो, अंग चोरून वाट बघितली जरा वेळ. कायच झालं न्हाय. मग एका दगडावर बसलो. एक वाटाड्या माझ्याजवळ थांबला, त्यानं चहा दिला. उजाडेपर्यंत बसलो. आव्वा, खाली ढग होते, आपल्या पायाखाली. तुला दाखवायला पायजे."

संपल्यावर शिवगंगानं फोन पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला. मी खुणेनं कागद मागितला, त्यावर लिहिलं, पाय चांगले होते तर का फिरली. तिनं वाचलं, कागद खाटेवर ठेवला आणि गेली. आण्णा तिच्या मागनं गेले.

तेव्हापासनं मी विचार करतोय. तब्येत ठणठणीत, हवा चांगली, चारशे मीटर राहिलेले. झेंडा तिच्या पिशवीत असणारच. आणि ती उभी राहून वाट बघत होती म्हणते. कशाची, ते तिनं सांगितलंच नाही. शिवगंगाला ते विचारायला पाहिजे होतं.